वस्त्र, पोथी आणि यात्रा : सप्तशृंगी-वणी परिसरांतील एका त्रयीचा विचार

(१)

इतिहासाचीं साधनें कोणतीं असें विचारलें असतां आपल्याकडील संग्राहक ताम्रपट, शिलालेख, नाणीं, सनदा, बखरी आणि पोथ्या हीं नांवें घेतो. ह्या यादींत वस्त्र सहसा येत नाहीं. यात्रेची गणना तर केवळ धर्माचारांत होते. वस्तुतः नाशिक प्रांतीं हीं दोन साधनें लेखाइतकींच जुनीं आहेत. इतकेंच नव्हे तर तिहींचा परस्परांशीं असा संबंध आहे कीं, एक वगळलें असतां दुसऱ्याचा अर्थ अपुरा लागतो. पोथींत वर्णिलेलें दैवत वस्त्रानें सजतें. तें वस्त्र विणणारा यात्रेच्या आणि बाजाराच्या रस्त्यावर वस्ती करतो. आणि यात्रेकरू ज्या कथा व जीं स्थलनामें तोंडीं घेऊन जातो तींच पुढें पोथींत शिरतात.

नाशिकचीं लेणीं, वणी, सप्तशृंगगड आणि येवलें ह्या चार ठिकाणांच्या आधारें हा संबंध दाखवावा, आणि त्यांतून निघणारी एक विनंति संग्राहकांपुढें ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विनंति तांतडीची आहे. पोथी कपाटांत राहिली तर शंभर वर्षें टिकते, ताम्रपट जमिनींत राहिला तर हजार वर्षें टिकतो. परंतु ज्या वस्त्राविषयीं पुढें लिहावयाचें आहे तें आमच्या डोळ्यांदेखत मुशींत घालून वितळविलें जात आहे.

(२)

कालक्रमानें प्रथम नाशिकच्या पांडवलेण्यांचा विचार करूं. तेथील दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकीं एका लेखांत त्याच्या दानधर्माची मोठी यादी आली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक ह्या ठिकाणीं त्यानें उतारूंसाठीं चौसोपी वसतिस्थानें बांधिलीं, बागा लाविल्या, विहिरी व तळीं खणविलीं. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहानुका ह्या नद्यांवर फुकट नावा ठेविल्या, आणि त्यांच्या तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. प्रभास व पुष्कर ह्या तीर्थांचाहि उल्लेख तेथें आहे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर प्रवाशांच्या सोयींची ही आमच्या प्रांतांतील अत्यंत जुनी लेखी नोंद होय.

त्याच लेण्यांतील दुसऱ्या लेखांत वस्त्राचा व्यवहार येतो, आणि तो संशोधकानें कागदावर आंकडे मांडून पाहावा असा आहे. वर्ष ४२ मध्यें उषवदातानें लेणें भिक्षुसंघास दिलें, आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे मुद्दल कधीं परत न घेण्याची ठेव, गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेविली. पैकीं दोन हजार एका कोलिकनिकायाकडे, म्हणजे विणकरांच्या श्रेणीकडे, दरमहा शेंकडा एक ह्या व्याजानें. आणि एक हजार दुसऱ्या विणकर-श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण ह्या व्याजानें. पहिल्या ठेवीच्या व्याजांतून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे होते. दोन हजारांवर शेंकडा एक म्हणजे महिन्यास वीस, वर्षास दोनशें चाळीस. आणि वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा म्हणजेहि दोनशें चाळीसच. हिशेब कवडीनेंहि चुकत नाहीं. हा व्यवहार निगमसभेंत ऐकविला गेला आणि रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदला गेला, असेंहि लेखांत म्हटलें आहे.

वर्ष ४२ हें शकाचें कीं राज्यवर्ष, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. आपल्या प्रस्तुत विषयास उपयोगी गोष्टी दोन. पहिली अशी कीं, गोदातीरीं त्या काळीं विणकरांच्या निदान दोन श्रेणी होत्या, आणि त्यांची पत एवढी होती कीं राजाचा जांवई त्यांजकडे कायमची ठेव ठेवी. दुसरी अशी कीं, लेख कोरविणारा, उतारूंसाठीं घाट-नावा बांधणारा आणि वस्त्रदानाची तजवीज करणारा पुरुष एकच आहे. ज्या तीन गोष्टी आम्ही तीन निरनिराळ्या विषयांत वांटून टाकिल्या त्या त्याच्या दृष्टीनें एकाच पुण्यकर्माचीं अंगें होतीं.

(३)

आतां नाशिकच्या उत्तरेस सुमारें चाळीस किलोमीटरांवर असलेल्या वणीकडे वळूं. संशोधकांस हें गांव ठाऊक आहे तें राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याच्या ताम्रपटामुळें. त्याचा काल शक ७३०, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकाचा आरंभ. हें दान मयूरखंडी येथून दिलें, असें पटांत आहे. ही मयूरखंडी म्हणजे सप्तशृंगाच्या समोरचा मार्किंडा किल्ला होय असें मत फार दिवस प्रचलित आहे. उलटपक्षीं, कर्नाटकांतील बिदरकडील मोरखंडी हेंच तें ठिकाण असेंहि मत मांडलें गेलें आहे. दोन्ही मतें मुख्यतः नामसादृश्यावर उभीं आहेत, आणि केवळ त्या जोरावर निकाल देणें धाडसाचें होईल.

तथापि ह्या वादांतून एक बोध घेण्यासारखा आहे. ताम्रपटांतील स्थलनाम आजच्या भूमीवर ठेवावयाचें तर आजचें नांव कोणी तरी जपून ठेविलेलें असावें लागतें. मार्किंडा किंवा मार्कंडेय हें डोंगराचें नांव कोणा सरकारी दप्तरानें जपलें नाहीं. सोमवती अमावास्येस डोंगरावर चढणाऱ्या आणि चैत्रांत समोरच्या गडावर जाणाऱ्या लोकांनीं तें जिभेवर ठेविलें. मयूरखंडीचें मार्किंडा झालें आणि मार्किंड्याचें मार्कंडेय झालें, कीं मुळांतच ऋषीच्या नांवाचा डोंगर होता, हें सांगणें कठीण आहे. परंतु ताम्रपटाच्या वाचकास यात्रेकरूची साक्ष काढल्यावांचून येथें एक पाऊल पुढें टाकितां येत नाहीं, हें मात्र उघड आहे.

(४)

मार्कंडेयाचें नांव येतांच पोथीचा विषय निघतो. देवीमाहात्म्य, ज्यास आपण सप्तशती म्हणतों, हें मार्कंडेय पुराणांतील तेरा अध्यायांचें प्रकरण होय. ह्या भागांतील समजूत अशी कीं, मार्कंडेय ऋषि समोरच्या डोंगरावर बसून देवीस हें माहात्म्य ऐकवीत असत, आणि तें ऐकावयास देवीनें मान किंचित् कलती केली ती तशीच राहिली. गडावरील मूर्ति कड्याच्या दगडांत कोरलेली, सुमारें आठ फूट उंच, अठरा हातांची असून तिची मान खरोखरच एका अंगास कललेली आहे. ग्रंथ ऐकणारें दैवत ही कल्पना पोथीप्रेमी वाचकास विशेष गोड वाटावी. दुसऱ्या क्षेत्रांत भक्त ऐकतो व देव बोलतो. येथें पोथी वाचणारा बोलतो आणि देवी ऐकते.

समजूत हा पुरावा नव्हे, हें खरें. तथापि मूर्तीचे अठरा हात आणि सप्तशतीस जोडलेल्या वैकृतिक रहस्यांतील महालक्ष्मीचें अष्टादशभुजा रूप ह्यांचा मेळ बसतो, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाहीं. मूर्तीवरून कथा जुळली कीं कथेवरून मूर्ति घडली, ह्याचा निर्णय मूर्तीच्या घडणीचा अभ्यास झाल्यावर होईल. ह्या अभ्यासास अलीकडे नवें साधन मिळालें आहे. इ. स. २०२२ मध्यें मूर्तीवर पिढ्यान्पिढ्या चढलेले शेंदराचे जाड थर काढण्यांत आले. त्या कामासाठीं मंदिर कांहीं आठवडे दर्शनास बंद होतें, आणि त्या वर्षींच्या नवरात्रांत मूळ कोरींव रूप लोकांच्या दृष्टीस पडलें. ज्या रूपावर आजपर्यंत तर्कच चालत होते तें आतां प्रत्यक्ष पाहून लिहितां येईल.

सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायांत देवांच्या तेजांतून देवी प्रकट झाल्यावर प्रत्येक देव तिला कांहीं देतो, हा भाग सर्वांस ठाऊक आहे. शंकर त्रिशूल देतो, विष्णु चक्र देतो, हिमालय सिंह देतो. ह्या आयुधांच्या गर्दींत वाचकाचें लक्ष सहसा जात नाहीं असें एक दान आहे : क्षीरसागर तिला हार देतो आणि कधीं जीर्ण न होणारीं दोन वस्त्रें देतो. म्हणजे युद्धास निघालेल्या देवतेच्या सामग्रींत ग्रंथकारानें वस्त्राची आठवण ठेविली आहे, आणि त्याचें विशेषण म्हणून रंग किंवा मोल न सांगतां अजरत्व सांगितलें आहे. ज्यानें हें लिहिलें त्याला वस्त्राचा खरा शत्रु कोण हें ठाऊक होतें.

गडावर मात्र वस्त्र माणसांच्या हातचें असतें व तें जीर्ण होतें. देवीच्या लुगड्यास अकरा वार लांबी लागते आणि चोळीस तीन खण, असा प्रघात आहे. सामान्य स्त्रीचें लुगडें नऊ वारी. देवीचें त्याहून दोन वार अधिक. हें दोन वारांचें अंतर लहान वाटेल, परंतु मापाचा असा प्रघात म्हणजेच एक नोंद होय. मूर्तीची उंची, नेसविण्याची पद्धति आणि विणणाऱ्याच्या ताण्याची लांबी ह्या तीन गोष्टी त्या एका आंकड्यांत बांधल्या गेल्या आहेत. उद्यां एखाद्या जुन्या पेटींत अकरा वारी लुगडें सांपडलें तर तें कोणासाठीं विणलें असावें असा प्रश्न संशोधकास पडावा; तो न पडतां तें कापून पडदे शिवले जातील, ही भीति आहे.

ह्या स्थानाचा वाङ्मयाशीं संबंध सप्तशतीपुरताच नाहीं. धुंडीसुत मालू याच्या नवनाथ भक्तिसार ह्या शक १७४१ मधील ओवीबद्ध ग्रंथांत मच्छिंद्रनाथाच्या शाबरी विद्येची कथा सप्तशृंगीशीं जोडलेली आहे. संस्कृत पुराण एकीकडे आणि घरोघर पारायण होणारा प्राकृत ग्रंथ दुसरीकडे, अशा दोन्ही परंपरांत ज्याचें नांव आहे असें हें स्थान आहे. साडेतीन पीठांपैकीं अर्धें पीठ म्हणून त्याची गणना होते. ग्रंथांच्या बाबतींत मात्र त्याचा वांटा अर्धा नाहीं.

(५)

यात्रेचा विचार करतांना प्रथम पायऱ्यांचा प्रश्न येतो. मंदिराकडे चढणाऱ्या पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनीं बांधविल्या अशी परंपरा आहे, आणि त्यासाठीं इ. स. १७१० हें वर्ष सांगितलें जातें. उमाबाई ह्या सेनापति खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी. खंडेरावांस सेनापतिपद मिळालें तें इ. स. १७१७ मध्यें, ते वारले इ. स. १७२९ मध्यें, आणि पुत्र त्र्यंबकराव डभईच्या लढाईंत इ. स. १७३१ मध्यें पडल्यावर दाभाड्यांच्या दौलतीचा भार उमाबाईंनीं वाहिला. तेव्हां हें काम ‘सेनापतीच्या पत्नीनें’ केलें असें जर म्हणावयाचें, तर वर्ष पुढें न्यावें लागतें. वर्ष कायम ठेवावयाचें तर सेनापतिपदाचा उल्लेख मागाहून चिकटला असें मानावें लागतें.

येथें एका गोष्टीकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. उमाबाईंचें माहेर अभोण्याचें. त्या तेथील ठोके देशमुखांच्या कन्या. अभोणें सप्तशृंगाच्या जवळच, कळवण तालुक्यांत आहे. तेव्हां पायऱ्या बांधविण्याची प्रेरणा सासरच्या ऐश्वर्यांत शोधण्यापेक्षां माहेरच्या कुलाचारांत शोधणें अधिक सयुक्तिक दिसतें. माहेरवाशिणीनें देवीची ओटी भरावी, खण-लुगडें वाहावें, ही घरोघरची रीत आहे. ऐपत असेल तिनें ओटीबरोबर पायऱ्याहि वाहिल्या. ज्या दफ्तरांत दाभाड्यांच्या खर्चाच्या यादी असतील त्यांत पाथरवटांच्या मजुरीबरोबर देवीच्या वस्त्राची रक्कमहि शोधावी, अशी सूचना येथें करून ठेवितों.

मुख्य यात्रा दोन. एक चैत्रांत, रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत. दुसरी आश्विनांत नवरात्राची. चैत्री यात्रेस खानदेशांतून, विशेषतः धुळें, जळगांव, नंदुरबार ह्या भागांतून, हजारों लोक पायीं येतात. सप्तशृंगी ही खानदेशची माहेरवाशीण असें तिकडील लोक मानतात. कोजागिरीस कावडींनीं आणलेल्या नद्यांच्या पाण्यानें देवीस अभिषेक होतो.

ह्या दोन्ही यात्रांत वस्त्राचा एक विधि आहे तो सर्वांत लक्षणीय. चैत्र शुद्ध चतुर्दशीच्या आणि आश्विनांतील नवमीच्या रात्रीं शिखरावर कीर्तिध्वज लागतो. तो नेण्याचा मान पायथ्यानजीकच्या दरेगांवच्या गवळी-पाटील घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आहे. ध्वज घेऊन रात्रीं कडा चढावयाचा, निशाण लावून उतरावयाचें, आणि सकाळीं खालच्या गांवांनीं फडकणारें वस्त्र पाहून समाधान मानावयाचें. वाचतां न येणाऱ्या माणसासहि दुरून वाचतां यावा असा हा वर्षांतून दोनदां लिहिला जाणारा लेख होय.

वस्त्राची ही शक्ति केवळ आमच्याच डोंगरांत आहे असें नाहीं, हें दाखविण्यास दूरदेशचें एक उदाहरण देतों. इ. स. १८३८ च्या आरंभीं कलकत्त्याहून व्हिटबी आणि हेस्पेरस हीं दोन जहाजें करारबद्ध मजूर घेऊन निघालीं, आणि त्या वर्षीं ५ मे रोजीं दक्षिण अमेरिकेंतील ब्रिटिश गयाना येथें पोहोंचलीं. इ. स. १९१७ पर्यंत सुमारें दोन लक्ष एकोणचाळीस हजार माणसें अशा रीतीनें तेथें गेलीं. तीं बहुतेक भोजपुरी व अवधी मुलखांतलीं, कांहीं मद्रासेकडचीं. मराठी मंडळींचा ओघ त्या बाजूस नव्हता. त्यांच्यापाशीं तुलसीदासाचें रामचरितमानस होतें आणि अंगावरचें वस्त्र होतें. डोंगर, नदी आणि क्षेत्र हीं मात्र गांठोड्यांत बांधून नेतां आलीं नाहींत. म्हणून गयानांतील हिंदु घराच्या अंगणांतच पूजेनंतर बांबूस रंगीत कापड बांधून ‘झंडी’ उभारतात. हनुमंताची झंडी तांबडी असते. ज्यांस यात्रेस जातां आलें नाहीं त्यांनीं यात्रेचें निशाण घरीं आणिलें. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, पुष्कळांची मूळ बोली सुटली, परंतु पोथी आणि कापड ह्या दोन आधारांवर त्यांची ओळख टिकली. गयाना इ. स. १९६६ मध्यें स्वतंत्र झाला, आणि ५ मे हा आगमनाचा दिवस म्हणून तेथें पाळला जातो. दरेगांवच्या ध्वजाकडे पाहून ज्यास ‘हा तर केवळ विधि’ असें वाटेल त्यानें हें उदाहरण मनांत आणावें.

(६)

आतां वस्त्र विणणाऱ्यांकडे जाऊं. पैठणीच्या प्राचीनत्वाविषयीं लिहितांना एक विधान वारंवार केलें जातें, तें असें कीं ‘पेरिप्लस’ ह्या इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या वस्त्राची कीर्ति आहे. मूळ पाहतां तसें नाहीं. त्या ग्रंथांत पैठण आणि तगर ह्या दोन बाजारपेठा सांगितल्या आहेत. पैठणाहून भरुकच्छास जात ते अकीकाच्या जातीचे दगड. आणि तगराहून, म्हणजे आजच्या तेरहून, जाई तें साधें कापड व मलमल. वस्त्राचा पुरावा आहे तो तेरचा. पैठणीवरील प्रेमानें पुराव्याची अदलाबदल करणें बरोबर नाहीं. ग्रंथावरून निश्चित होतें तें एवढेंच कीं, दक्षिणेंतील कापड गाड्यांत भरून अवघड वाटांनीं घाटाखालीं समुद्रापर्यंत नेत असत. परंतु हेंहि थोडें नाहीं. उषवदाताच्या लेखांतील भरुकच्छ आणि पेरिप्लसमधील बॅरिगाझा हें एकच बंदर होय. आणि त्याकडे उतरणाऱ्या वाटा नाशिक प्रांतावरून जात.

पुढील काळांत भरुकच्छाचें स्थान सुरतेनें घेतलें. इ. स. १६७० च्या ऑक्टोबरांत शिवाजीमहाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून बागलाणांतून परतत असतां १७ ऑक्टोबर रोजीं वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशीं त्यांची लढाई झाली व तींत मोंगलांचा मोड झाला. इतिहासाच्या पुस्तकांत ह्या लढाईचें वर्णन रणनीतीच्या अंगानें येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु सुरतेहून देशावर यावयाची वाट ह्या डोंगरांतून होती, ही गोष्ट विणकराच्याहि उपयोगाची आहे. कारण पैठणीस लागणारी जर सुरतेची. ज्या मुलखांतून लष्करें गेलीं त्याच मुलखांतून व्यापाऱ्यांचे तांडे आणि यात्रेकरूंचे जथे गेले. लष्कराची तारीख आम्हांस ठाऊक आहे. तांड्याची तारीख सांगेल अशी वही कोणी शोधलेली नाहीं.

येवलें हें गांव रघोजी नाईक यांनीं सतराव्या शतकांत वसविलें, आणि पैठण व इतर ठिकाणांहून विणकर आणून त्यांस तेथें जागा दिली, अशी परंपरा आहे. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा अनेक जातिधर्मांचे लोक ह्या धंद्यांत आले. तात्या टोपे यांचें जन्मगांव म्हणून येवलें प्रसिद्ध आहे. डॉ. आंबेडकर यांनीं १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं धर्मांतराची घोषणा केली तीहि येथेंच. मात्र सामान्य माणसाच्या तोंडीं येवल्याचें नांव आहे तें पदरामुळें.

पैठणीच्या विणीचें रहस्य थोडक्यांत असें. काठ आणि पदर ह्यांवरील नक्षी भरतकामानें वर काढलेली नसते. ती विणतांनाच कापडांत बसते. पदराच्या रुंदींत आडव्या धाग्याचा एकच धोटा न फिरवितां प्रत्येक रंगासाठीं निरनिराळी तिल्ली घेऊन विणकर हातानें तेवढ्या जागेपुरता धागा भरतो, आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यांत तो अडकवितो. त्यामुळें अस्सल पदर दोन्ही बाजूंनीं जवळजवळ सारखाच दिसतो, आणि मागें लोंबते धागे राहत नाहींत. नक्कल ओळखण्याची ही सोपी खूण आहे : यंत्रावरील नकलेचा पदर उलटून पाहिला असतां मागें धाग्यांचें जंजाळ दिसतें. मोर, मुनिया, आसवली, कमळ, बांगडी-मोर हीं पदराचीं नेहमींचीं चित्रें. काठास नारळी हें नांव सर्वपरिचित. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन साधलेली धूपछांव हें आणखी एक वैशिष्ट्य. पदर भरगच्च असेल तर एक वस्त्र पुरें होण्यास महिने लागतात.

पोथी नकलून काढणाऱ्या लेखकाचें काम ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें वर्णन वाचतांना ओळख पटेल. दोघेहि ओळीमागून ओळ भरतात. दोघांपुढेंहि मूळ नमुना असतो. आणि दोघांच्याहि हातून पाठभेद उत्पन्न होतात. एका घराण्याची मुनिया दुसऱ्या घराण्याच्या मुनियेहून चोंचींत वेगळी असेल, तर तो पाठभेदच होय. पाठचिकित्सेचें शास्त्र आम्ही पोथीस लाविलें. पदरास लाविलें नाहीं.

मराठी वाङ्मयानें मात्र ह्या वस्त्राची उपेक्षा केलेली नाहीं. शान्ता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता मराठी वाचकांस सुपरिचित आहे. घरांतल्या एका जुन्या वस्त्रास कवितेचा विषय करून त्यांनीं संग्राहकांच्या आधीं आपलें काम केलें.

(७)

सांप्रतची स्थिति सांगून विनंतीकडे येतों. पैठणीस इ. स. २०१० मध्यें भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली. येवल्यास आज दूरदूरचे प्रवासी खरेदीस येतात, आणि माग चालतांना पाहतात. गडावर इ. स. २०१८ मध्यें फ्युनिक्युलर गाडी सुरू झाली. ज्यांस पायऱ्या झेपत नाहींत त्या वृद्धांस तिनें दर्शन सुलभ केलें. प्रवासी वाढले, विणकरास गिऱ्हाईक मिळालें, ह्यांत वाईट मानण्यासारखें कांहीं नाहीं. उषवदातानें फुकट नावा ठेविल्या तेव्हां पोहून जाणाऱ्यांचें पुण्य कमी झालें, असें कोणी म्हणत नाहीं.

चिंता वेगळी आहे. नवें वस्त्र विकलें जात असतां जुनें नाहींसें होत आहे. जुन्या पैठणीची जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचें पाणी दिलेली चांदीची तार. वस्त्र विरलें कीं तें जुनी जर घेणाऱ्यास वजनावर दिलें जातें. तो तें जाळतो आणि धातु काढून घेतो. एका पदराबरोबर त्याचें माप, त्याचा नमुना, त्याच्या जरीची प्रत आणि त्याच्या रंगाची जात हीं सर्व राखेंत जातात. जुन्या ताम्रपटाचा तांब्या करून टाकणाऱ्या तांबटाची गोष्ट ऐकून आम्ही हळहळतों. येथें तोच प्रकार घरोघर चालला असून त्याची हळहळ कोणास नाहीं. देवस्थानांत वाहिलेलीं वस्त्रेंहि सांठवितां येत नाहींत; तीं प्रसाद म्हणून घरोघर जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु जाण्यापूर्वीं त्यांची नोंद झाली तर कोणाचें कांहीं कमी होणार नाहीं.

ह्या बाबतींत दोष केवळ घरच्या मंडळीस देऊन चालणार नाहीं. संग्राहकांचेंहि वर्तन तपासावें. पेशवे दफ्तरांतील कागद ‘रुमाल’ ह्या नांवानें मोजले जातात, हें प्रत्येकास ठाऊक आहे. रुमाल म्हणजे कागदांभोंवतीं बांधलेलें कापड. ज्या कापडानें आमच्या शास्त्रास मोजण्याचें परिमाण दिलें त्या कापडाचें वर्णन किती याद्यांत आढळतें ? पोथी मिळाली कीं तिचीं पत्रें मोजावयाचीं, एका पानावरील ओळी मोजावयाच्या, शाई, कागद, लिपि, लेखनकाल टिपावयाचा. आणि तिचें बासन मळकें म्हणून फेंकून नवें बांधावयाचें, ही सर्वत्रची चाल आहे. तें बासन पुष्कळदां घरांतल्या जुन्या लुगड्याचा तुकडा असतें. पोथीचा काल निश्चित असेल आणि बासन मूळचें असेल, तर त्या कापडासहि कालाची मर्यादा मिळते. कापडाच्या इतिहासांत अशी मर्यादा मिळणें किती दुर्मिळ आहे हें सांगावयास नको.

म्हणून विनंति अशी. पोथीसंग्रहांच्या याद्यांत ‘वेष्टन’ असा एक रकाना वाढवावा, आणि त्यांत कापडाची लांबी-रुंदी, सूत कीं रेशीम, रंग, काठ असल्यास त्याची नक्षी, शिवण आणि ठिगळ हीं लिहावींत. मूळ बासन फेंकूं नये. निराळें ठेवून त्यास पोथीचाच अनुक्रमांक द्यावा. ज्या घरीं जुनी पैठणी असेल तेथें ती मागूं नये. परवानगीनें तिचें माप घ्यावें, पदराच्या दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावींत, आणि ती कोणत्या लग्नांत, कोणत्या वर्षीं, किती किंमतीस घेतली हें घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारून लिहून घ्यावें. येवल्याच्या जुन्या सावकारांच्या व विणकरांच्या मोडी किंवा गुजराती वह्या कोठें शिल्लक असतील तर त्या रद्दींत जाण्यापूर्वीं पाहाव्या. आणि गडावर वाहिल्या जाणाऱ्या अकरा वारी वस्त्रांची, निदान यात्रेच्या दिवसांपुरती, साधी वही ठेवावी : कोणत्या गांवचें, कोठें विणलेलें, काय मापाचें.

ह्यास मोठें द्रव्य लागत नाहीं. मोजपट्टी, वही आणि थोडा धीर लागतो. क्षीरसागरानें दिलेलें अजर वस्त्र सप्तशतीच्या पोथींत सुरक्षित आहे, त्याची काळजी आपणांस करावयास नको. विणकराच्या हातचें वस्त्र जीर्ण होणारें आहे, म्हणूनच त्याची नोंद करावी लागते. वणी, कळवण, चांदवड आणि येवलें ह्या चार ठिकाणच्या दोन-दोन गृहस्थांनीं मनावर घेतलें, तर येत्या चैत्री यात्रेपासून ह्या वहीचा आरंभ होऊं शकेल.